डिचोलीचा शेख, हुबळीचा नाईक

गोव्यात धार्मिक सलोख्याचा विषय निघाला की दाखले ठरलेले असतात. शिरगावची देवी लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण या बहिणी; एकीकडून तेल जातं, दुसरीकडून फुलं येतात. चवथीला कॅथलिक शेजारी नेवऱ्या खायला येतो, नाताळात दोदोल आणि बेबिंक हिंदू घरात पोचतं. हे सगळं खरं आहे आणि जिवापाड जपावं असं आहे. पण ही गोष्ट दोघांची आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. त्यात ६६.०८ टक्के हिंदू, २५.१० टक्के ख्रिस्ती आणि ८.३३ टक्के मुसलमान, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास माणसं. आपल्या सलोख्याच्या दाखल्यांत ही माणसं क्वचितच दिसतात.

हे लक्षात आणून दिलं की उत्तर येतं, "आमचं धर्माशी काही वाकडं नाही. इथल्या मुसलमानाला कोण काय म्हणतो? बाहेरून आलेल्यांचा त्रास होतो, एवढंच." हे उत्तर देणारा माणूस सहसा खोटं बोलत नसतो. त्याला तसं मनापासून वाटतं. आणि त्यात तपासण्याजोगं बरंच आहे, कारण मुक्तीनंतर बंदर, खाणी आणि बांधकामाच्या निमित्तानं कर्नाटकातून जी माणसं आली त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. उलट फोंड्याची साफा मशीद १५६० च्या सुमाराची आहे. डिचोली-फोंड्याकडची कित्येक मुसलमान घराणी पोर्तुगीज जाण्याच्या कितीतरी आधीपासून इथली आहेत. म्हणजे 'परका' आणि 'मुसलमान' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फक्त आपल्या बोलण्यात त्या एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. मिसळलेल्या या गोष्टी पुन्हा वेगळ्या करून मोजता येतात. इस्लामद्वेष आणि वांशिक न्याय यांवर काम करणाऱ्या समाजशास्त्रज्ञाचं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम हेच आहे.

त्याची रीत जुनी आहे. १९६७ साली, म्हणजे गोव्यात जनमत कौल झाला त्याच वर्षी, ब्रिटनमध्ये पॉलिटिकल अँड इकॉनॉमिक प्लॅनिंग या संशोधन संस्थेनं वर्णभेदावरचा एक अहवाल काढला. तिथलेही घरमालक म्हणत होते की रंगाचा प्रश्नच नाही, परक्या देशातल्या माणसाची भाषा आणि चालीरीती जमत नाहीत. संशोधकांनी एकाच घरासाठी, एकाच नोकरीसाठी, एकाच मोटार विम्यासाठी तीन माणसं पाठवली: वेस्ट इंडीजचा काळा माणूस, गोरा इंग्रज आणि गोरा हंगेरियन. परकेपणच नडत असतं तर हंगेरियन माणसाचेही काळ्या माणसाइतकेच हाल व्हायला हवे होते. तसं झालं नाही. त्याला पुष्कळ बरी वागणूक मिळाली. १९६५ चा वंशसंबंध कायदा फक्त सार्वजनिक जागांपुरता होता. १९६८ मध्ये तो घरं आणि नोकऱ्यांपर्यंत वाढवला गेला, त्यामागे या अहवालाचा मोठा हात होता.

त्या हंगेरियन माणसात साऱ्या प्रयोगाचं मर्म आहे. दोनच माणसं पाठवली असती तर वाद तिथंच अडकला असता.

पुढे फ्रान्समध्ये क्लेअर आदिदा, डेव्हिड लेटिन आणि मारी-आन वालफोर यांनी हीच युक्ती आणखी धारदार केली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या दोन काल्पनिक मुली होत्या, मारी दिऊफ आणि खदीजा दिऊफ. आडनाव एकच, दोघी सेनेगाली वंशाच्या, शिक्षण आणि अनुभव सारखा. फरक एवढाच की मारीनं कॅथलिक मदतसंस्थेत काम केलेलं आणि खदीजानं इस्लामी मदतसंस्थेत. मारीला शंभरातल्या २१ अर्जांना बोलावणं आलं, खदीजाला ८. वंश, रंग, मूळ देश सगळं तेच राहिलं आणि फक्त धर्म बदलला, म्हणून या अडीच पटीच्या फरकाला दुसरं कारण चिकटवता येत नाही. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये खाजगी नोकऱ्यांच्या अर्जांवर असाच अभ्यास प्रसिद्ध केला. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, तर मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली.

आता हे गोव्यात भाड्याच्या घरांबाबत करायचं तर?

नावांपासून सुरुवात करावी लागेल, आणि पहिली चूक इथंच होते. एका बाजूला 'गावकर' आणि दुसऱ्या बाजूला 'हिरेमठ' घेतलं तर प्रांताबरोबर जातही बदलते. गोव्यात सुदैवानं दोन आडनावं अशी आहेत की ती घाटाच्या दोन्ही बाजूंना चालतात: नाईक आणि शेख. म्हणून चार माणसं उभी करायची. मूळ डिचोलीचा नाईक, मूळ हुबळीचा नाईक, मूळ डिचोलीचा शेख, मूळ हुबळीचा शेख. नोकरी एक, वय एक, कुटुंब एक. संदेशाचा मजकूर शब्दाला शब्द तोच ठेवायचा: "नमस्कार, तुमचा टू बीएचके अजून रिकामा आहे का? मी अमुक, मूळ अमुक गावचा, फोंड्याला कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. पत्नी आणि एक मुलगी." गाव आणि नाव सोडून त्यात एका स्वल्पविरामाचाही फरक नको. पहिली नावंही आधी तपासून घ्यावीत. अभ्यासाशी संबंध नसलेल्या तीस-चाळीस जणांना नावं दाखवून विचारावं की हा माणूस कुठला वाटतो, किती शिकलेला वाटतो, कमाई किती असेल. एखादं नाव गरीब वाटत असेल तर ते बाद, कारण मग नकार धर्माला आला की गरिबीला हे कळणार नाही. अमेरिकेत बर्ट्रंड आणि मुल्लयनाथन यांच्या २००४ च्या गाजलेल्या अभ्यासात गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा दीडपट बोलावणी आली होती, आणि त्यावर पुढे हाच आक्षेप घेतला गेला.

फोन करू नये, लिखित संदेशच पाठवावा. फोनवर माणसाचा हेल लपत नाही, आणि गोव्यात हेल ऐकून माणसाचा तालुका ओळखणारे लोक आहेत. चार सिमकार्डं, प्रत्येक संशोधकाच्या स्वतःच्या नावावर रीतसर घेतलेलं. व्हॉट्सअ‍ॅपला फोटो कुणाचाच नाही. सिम घेतल्यावर ते नंबर ट्रूकॉलरवर कुठल्या नावानं दिसतात ते आधी पाहावं. जुन्या मालकाचं नाव तिथं तसंच असेल तर 'शेख' म्हणून पाठवलेला संदेश घरमालकाला भलत्याच नावानं दिसतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

कुठल्या जाहिरातीला कुठलं नाव जाणार हे माणसानं ठरवायचं नाही. यादी करून संगणकाला चिठ्ठ्या टाकायला लावायच्या. एका घरमालकाला एकच संदेश. मोठ्या शहरात एकाच मालकाला दोन-तीन संदेश खपून जातात, पण गोवा लहान आहे. फोंड्यातल्या मालकिणीनं मावसबहिणीला दुपारी फोन केला की संध्याकाळपर्यंत वाड्याला कळतं. दलालांचं वेगळंच दुखणं असतं. एकच दलाल पंचवीस जाहिराती टाकतो, म्हणून नंबर जुळवून त्याला एकदाच धरायचं. नाहीतर एका माणसाचा स्वभाव साऱ्या तालुक्याचा म्हणून मोजला जाईल. किनारपट्टी या अभ्यासातून वगळावी असं माझं मत आहे. कळंगुट-कांदोळीला ऑक्टोबर ते मार्च पर्यटकांचा हंगाम असतो आणि महिन्याच्या भाड्यानं राहणारा कुटुंबवाला तिथं कुणालाच नको असतो. त्या नकाराचा धर्माशी संबंध नाही, आणि तो हिशेबात आला तर खरा फरक झाकला जाईल. फोंडा, मडगाव-फातोर्डा, वास्को, म्हापसा, पर्वरी एवढा पट्टा पुरे. चवथ आणि नाताळाच्या आगेमागे संदेश नकोत, उत्तरंच येत नाहीत.

किती संदेश? समजा डिचोलीच्या नाईकाला शंभरातल्या ६० ठिकाणी होकार मिळतो आणि डिचोलीच्या शेखला ४५ ठिकाणी. पंधरा टक्क्यांचा हा फरक योगायोग नाही असं म्हणता यायला, आणि तो ८० टक्के खात्रीनं पकडता यायला, प्रत्येक नावामागे सुमारे १७५ संदेश लागतात. चार नावांचे मिळून ७००. वीस-पंचवीस संदेश पाठवून वर्तमानपत्रात मथळा देणारे असतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण पहिल्याच आक्षेपाला ते आकडे कोसळतात आणि त्यानंतर खरे आकडे घेऊन येणाऱ्याचंही कुणी ऐकत नाही. परकेपण आणि धर्म एकत्र आले की बेरजेपेक्षा जास्त जाच होतो का, हेही पाहायचं असेल तर संदेश निदान दुप्पट लागतील. गोव्यात तेवढे वेगवेगळे मालक गोळा करायला वर्ष-दीड वर्ष जाईल. वेळ तेवढा नसेल तर हा प्रश्न सोडून द्यावा, अर्धवट विचारू नये.

उत्तरांची नोंद हा सगळ्यात नाजूक भाग. उघड नकार फार थोडे येतात. मालकीण लिहिते, "नांव कितें म्हणलें? रावात, घोवाक विचारून सांगतां." पुढे काहीच येत नाही. त्याच आठवड्यात तशाच घराच्या मालकाकडून नाईकाला उत्तर येतं, "फाल्यां येवन पळयात," म्हणजे उद्या येऊन बघा. पहिल्या बाईनं कुणाचा अपमान केलेला नाही. तिचं उत्तर एकटं वाचलं तर त्यात काहीच सापडत नाही, कदाचित तिला खरंच नवऱ्याला विचारायचं असेल. अशी पावणेदोनशे उत्तरं शेजारीशेजारी ठेवली आणि 'विचारून सांगतो' हे एका नावाला दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा आलेलं दिसलं, तरच बोलता येतं. म्हणून पाच खाने करावेत: घर पाहायला बोलावलं, अट घालून बोलावलं, टाळलं, स्पष्ट नाकारलं, ७२ तासांत उत्तरच नाही. अटींचा खाना जपून भरावा. जास्त डिपॉझिट, ओळखीच्या गोंयकाराची हमी, 'मटण शिजवायचं नाही', पोलीस पडताळणीचा फॉर्म आधी आणा, हे सगळं त्यात येतं. पडताळणीचा फॉर्म सगळ्यांनाच द्यावा लागतो. प्रश्न असा की तो घर दाखवण्याआधी कुणाकडे मागितला जातो. खाने भरणाऱ्या दोघांना संदेश कुठल्या नावानं गेला होता ते दिसता कामा नये. नाव झाकून, दोघांनी वेगवेगळं बसून भरावं, आणि दहांतल्या आठ-नऊ उत्तरांवर त्यांचं एकमत होत नसेल तर खान्यांच्या व्याख्याच पुन्हा लिहाव्यात.

इथं नैतिकतेचा प्रश्न आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. घरमालकाला आपण फसवतो आहोत. त्याची किंमत कमीत कमी ठेवणं आपल्या हातात असतं: होकार आला तर त्याच दिवशी नम्रपणे 'दुसरीकडे जमलं' असं कळवायचं, म्हणजे त्याचा खरा भाडेकरू जात नाही. घर पाहायला जायचं नाही. मालकाचं नाव नोंदीत ठेवायचं नाही, नंबर काम संपताच पुसायचा. आणि हे सगळं सुरुवातीलाच संस्थेच्या नैतिकता समितीकडून लेखी मंजूर करून घ्यायचं.

चार नावांचे आकडे हाती आले की ते एकमेकांशेजारी ठेवून वाचावे लागतात. समजा डिचोलीच्या नाईकाला ६०, हुबळीच्या नाईकाला ४५, डिचोलीच्या शेखला ५८ आणि हुबळीच्या शेखला ४४ असे होकार आले. तर गोंयकार खरं सांगत होता. त्याला परका नको आहे. तोही अन्यायच, पण वेगळा. समजा हुबळीच्या नाईकाला ५५ आणि डिचोलीच्या शेखला ३५ आले. मग पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या माणसापेक्षा काल आलेला माणूस आपल्याला जवळचा वाटतो, आणि 'बाहेरच्यांचा त्रास' हे कारण टिकत नाही. आकडे कुठलेही येवोत, ते छापण्याची तयारी संदेश पाठवण्याआधी हवी. चळवळीत असलेल्या अभ्यासकाला हे जड जातं हे मला ठाऊक आहे. पण गैरसोयीचा आकडा दडवणाऱ्याचा सोयीचा आकडाही कुणी मानत नाही.

आकड्यांना कळत नाही असंही बरंच असतं, आणि त्यासाठी भाडेकरूंच्या घराघरांत बसावं लागतं. तिथं "तुमच्याशी भेदभाव झाला का?" असं विचारलं की उत्तर "ना रे बाबा" असंच येतं. उद्या त्याच गल्लीत राहायचं असतं, तक्रारखोर ठरणं कुणाला परवडत नाही. त्याऐवजी लग्नापासून आजवर राहिलेली सगळी घरं क्रमानं सांगायला लावावीत: कुठलं, भाडं किती, कुणाच्या ओळखीनं मिळालं, का सोडलं. चौथ्या-पाचव्या घरापाशी आपोआप निघतं की करारपत्र ऑफिसातल्या मित्राच्या नावावर आहे, किंवा वास्कोत नोकरी असून राहायला लांब जावं लागलं. घरं शोधण्याचं काम बहुतेक बायका करतात, म्हणून विचारणारी बाईच हवी, आणि वेळ दुपारची, घरात पुरुष नसतानाची.

'पण हा तर धर्माचा प्रश्न, वंशाचा कुठून आला?' असा आक्षेप नेहमी येतो. ब्रिटनच्या रनीमीड ट्रस्टनं १९९७ मध्ये इस्लामद्वेषावर पहिला मोठा अहवाल काढला. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच संस्थेनं त्याला सरळ मुस्लिमविरोधी वंशवाद म्हटलं. कारण द्वेष करणारा माणूस कुणाची श्रद्धा तपासत बसत नाही, तो नाव, दाढी, कातडीचा रंग पाहतो. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ नंतर चौथ्या दिवशी अ‍ॅरिझोनातल्या मेसा गावी बलबीर सिंग सोढी यांना गोळ्या घातल्या गेल्या. ते शीख होते. एफबीआयच्या नोंदीत मुस्लिमविरोधी गुन्हे २००० साली २८ होते, २००१ साली ४८१ झाले. सोढींसारखे किती जण या मोजणीच्या बाहेर राहिले असतील. पोर्तुगीज पासपोर्टवर पोरं स्विंडनला गेलेल्या गोव्यातल्या आईवडिलांना हे दूरचं वाटायला नको. तिथल्या रस्त्यावर सावळ्या कातडीच्या मुलाला कुणी 'मूळ कुठला' म्हणून विचारलं तर त्याचं डिचोलीपण किंवा कुंकळ्ळीपण कामाला येत नाही.

आता संशोधन आणि चळवळ यांच्या नात्याबद्दल. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे या शास्त्राच्या आद्य पुरुषांपैकी एक. १८९६-९७ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघर जाऊन काळ्या वस्तीची पाहणी केली. लोकांना सत्य माहीत नाही म्हणून ते चुकीचं वागतात, आकडे समोर ठेवले की सुधारतील, असा त्यांचा तेव्हा विश्वास होता. एप्रिल १८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होज या शेतमजुराला जमावानं जाळून मारलं. ड्यू बॉइस आपलं समतोल निवेदन घेऊन अटलांटातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीकडे निघाले होते. वाटेत त्यांना कळलं की होजच्या बोटांची हाडं पुढच्याच एका किराणा दुकानात मांडून ठेवली आहेत. ते परत फिरले. पुढे १९१० मध्ये विद्यापीठ सोडून ते एनएएसीपी या नागरी हक्कांच्या संघटनेत गेले आणि तिचं मासिक चालवू लागले. त्यांनी आकडे गोळा करणं काही सोडलं नाही, ते कुणाच्या हाती द्यायचे हे मात्र बदललं.

गोव्यात ते कुणाच्या हाती द्यावेत? सगळ्यात आधी ज्यांच्यावर बेतलं आहे त्यांच्या. वास्को, फोंडा, मडगावच्या मुसलमान जमातींत, बचतगटांत, छापण्यापूर्वी वाचून दाखवावेत. काय गाळावं हे सांगायचा हक्क त्यांना असावा. वाड्याचं नाव अहवालात येता कामा नये. गोव्यात वाडा सांगितला की घर कळतं, म्हणून तालुक्याच्या खाली उतरायचं नाही. घरमालक हिंदू होते की कॅथलिक हे मोजावं जरूर, पण ते आकडे मथळ्यात देऊ नयेत, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतील आणि भाडेकरू बाहेर उभा तो उभाच राहील. अहवाल मराठीत आणि कोंकणीत, देवनागरी आणि रोमी लिपीत निघावा. इंग्रजी नियतकालिकात चार वर्षांनी येणाऱ्या लेखाची वाट पाहायला भाडेकरूला सवड नसते.

कायद्याचा आधार तोकडा आहे. राज्यघटनेचं कलम १५ सरकारला बांधतं. दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक जागा त्यात येतात, भाड्याचं खाजगी घर येत नाही. २००५ मध्ये झोरोस्ट्रियन या पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सभासदत्व एका धर्मापुरतं ठेवणारा पोटनियम मान्य केला. २००६ मध्ये मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीनं समान संधी आयोगाची शिफारस केली, २००८ मध्ये माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटानं त्याचा मसुदाही दिला. तो तसाच पडून आहे. अमेरिकेत घरांच्या बाबतीतल्या भेदभावाविरुद्ध १९६८ चा कायदा आहे, आणि १९८२ च्या हेवन्स रिअल्टी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घर घ्यायचा इरादा नसलेल्या, फक्त तपासायला गेलेल्या माणसाला खोटी माहिती दिली गेली तर तोही दावा लावू शकतो. तिथं असा तपासणीचा संदेश पुरावा ठरू शकतो. आपल्याकडे तो लोकांच्या मनाशी आणि सोसायटीच्या वार्षिक सभेशी बोलण्यापुरता आहे. पण सभेत ठराव मांडता येतो: दलालाला दिलेल्या सूचना लेखी असाव्यात, पडताळणीचा फॉर्म सगळ्यांकडे एकाच टप्प्यावर मागावा, नकार दिला तर कारण नोंदवहीत लिहावं. तोंडी नकार देणं जितकं सोपं असतं तितकं तो सही करून लिहिणं सोपं नसतं.

आणि दोन-तीन वर्षांनी मोजणी पुन्हा करावी. अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्यानं १९७७, १९८९, २००० आणि २०१२ अशा फेऱ्या केल्या, म्हणून तिथं काय कमी झालं आणि काय नुसतं रूप बदलून राहिलं हे सांगता येतं. त्यासाठी संदेशाचा मूळ मजकूर, नावांच्या चाचणीचे निकाल, खान्यांच्या व्याख्या आणि कुठला आठवडा कुठल्या तालुक्याला दिला याचं वेळापत्रक, एवढं जपून ठेवावं लागतं; पुढच्या फेरीत माणसं बदलली तरी शब्द तेच राहिले पाहिजेत.